जावरची जस्ताची खाण: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

आमच्या घरात तीन पिढ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय होता. मी मात्र शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर जावरच्या नादाला लागलो. राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेला डोंगरात ही जस्ताची खाण आहे. शाळांमधून, वाचनालयांतून तिच्यावर बोलतो, तेव्हा तेच तेच प्रश्न येतात. काही फोनवर, काही चिठ्ठीवर, काही गड्ड्याच्या यात्रेत भांड्यांच्या दुकानासमोर गाठून विचारलेले. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जावर नक्की कुठे आहे? आणि जावर म्हणायचं की झावर?

उदयपूर शहरापासून दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत. तिथली माणसं जावर म्हणतात. इंग्रजी स्पेलिंग झेडने सुरू होतं म्हणून आपल्याकडे कुणीकुणी झावर लिहितं. मी जावर लिहितो. खाण एकच नाही. मोचिया मगरा, बलारिया, जावर माला आणि बरोई अशा शेजारशेजारच्या डोंगरांत ती पसरलेली आहे. मधून टिडी नदी वाहते.

२. जस्त म्हणजेच कथील ना? कल्हईवाला वापरतो ते?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. कल्हईला लागतं ते कथील. बादलीवर आणि पत्र्यावर चढवतात ते जस्त, संस्कृतात यशद. दोन्ही पांढुरके, दोन्ही लवकर वितळणारे, पण धातू पूर्ण वेगळे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२० अंशांना. कथील पोटात जाणाऱ्या अन्नाला चालतं म्हणून ते भांड्याच्या आतून लावतात. जस्ताच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हे आमच्या आजीचं सांगणं रसायनशास्त्रालाही मान्य आहे. आंबटात जस्त विरघळतं.

तुमचा गोंधळ झाला तर वाईट वाटून घेऊ नका. १८१८ मध्ये मेवाडात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या कर्नल जेम्स टॉडनेही जावरच्या खाणींना कथलाच्या खाणी म्हटलं होतं.

३. सोलापूरच्या माणसाने या खाणीची चौकशी का करावी?

घरातली पितळी घागर उचलून बघा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भांड्यांच्या पितळेत जस्ताचा वाटा साधारण तीस ते चाळीस टक्के असतो, म्हणजे तीन किलोच्या घागरीत जवळजवळ किलोभर जस्त. छतावरचा पत्रा जस्तामुळे गंजायचा थांबतो. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला राखतं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या रानात ऊस, मका पिवळा पडायला लागला की कृषी सेवा केंद्रात जाऊन आपण झिंक सल्फेटची पिशवी आणतो. तेही जस्तच.

इतकं जवळचं असूनही ते आपल्याला शुद्ध रूपात क्वचित दिसतं. तांबं दिसतं, लोखंड दिसतं. जस्त कायम दुसऱ्या कशात तरी मिसळलेलं किंवा कशावर तरी चढवलेलं असतं. म्हणून त्याचा इतिहासही कुणी विचारत नाही, आणि माझी तळमळ तेवढ्याचसाठी आहे.

४. खाण किती जुनी?

जुन्या भुयारांत लाकडी टेकू आणि शिड्यांचे तुकडे सापडले. त्यांचं कार्बन पद्धतीने वय काढल्यावर ते दोन हजार वर्षांहून जुने निघाले. म्हणजे सम्राट अशोकाच्या आगेमागेच्या काळात इथे डोंगराच्या पोटात माणसं शिरत होती. तेव्हा त्यांना बहुधा शिसं आणि त्यातली चांदी हवी होती. इथल्या दगडात जस्ताचं आणि शिशाचं खनिज मिसळलेलं असतं, आणि शिशाच्या खनिजात थोडी चांदी असते.

जस्त गाळण्याचा मोठा उद्योग नंतरचा. तो मध्ययुगात बहरला. चौदाव्या-पंधराव्या शतकात, राणा लाखा यांच्या काळापासून, जावरची भरभराट झाल्याचं मेवाडच्या परंपरेत सांगतात. राणा कुंभा यांची मुलगी रमाबाई हिने तिथे विष्णूचं मंदिर आणि कुंड बांधलं, त्याचा १४९७ चा शिलालेख आहे. जैन मंदिरांचे अवशेषही पुष्कळ आहेत. डोंगराच्या एवढ्याशा खोऱ्यात इतकी देवळं उभी राहिली, ती खाणीच्या पैशावर.

५. सुरुंगाची दारू नव्हती, मग एवढा कठीण दगड फोडला कसा?

आगीने. दगडाच्या भिंतीशी लाकडं रचायची, पेटवायची आणि दगड तापू द्यायचा. तापून तो तडकतो, मग लोखंडी छिन्नी-हातोड्याने खपल्या काढायच्या. अशा भुयारांच्या भिंती गुळगुळीत आणि गोलसर दिसतात, कारण आग कोपरे ठेवत नाही. खाली राखेचे थर असतात.

आत धूर कोंडायचा, हवा मिळायची नाही, पाणी झिरपायचं. ते काम करणाऱ्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या शिलालेखात नाही.

६. जस्त गाळणं इतकं अवघड का होतं? तांबं, लोखंड तर हजारो वर्षं आधी गाळत होते.

जस्ताच्या स्वभावामुळे. हा प्रश्न समजला तर जावर समजलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांब्याचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातलं की तांबं वितळून तळाशी साचतं. जस्ताचं तसं नाही. त्याच्या खनिजातून धातू सुटायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. म्हणजे जन्माला येतं तेच वाफ होऊन. ती वाफ भट्टीतल्या हवेला लागली की लगेच जळते आणि पांढरी भुकटी होऊन उडून जाते. भट्टी उघडली तर हाती काहीच नाही. जगभरच्या धातुकारांनी शतकानुशतकं हाच अनुभव घेतला असणार.

उपाय एकच: खनिज बंद भांड्यात तापवायचं, वाफ हवेला लागू न देता बाहेर काढायची आणि लगेच थंड करून पुन्हा धातू करायचा. वाफ साहजिकच वर जाते. जावरच्या लोकांनी ती खाली ओढली. कशी, ते पुढच्या उत्तरात.

७. ती वांग्याच्या आकाराची भांडी म्हणतात, ती काय?

हीच जावरची ओळख. धातुशास्त्राच्या जुन्या संस्कृत परंपरेत, साधारण तेराव्या शतकातल्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात, वृंताकमूषा सांगितली आहे. वृंताक म्हणजे वांगं. मूषा म्हणजे मूस, धातू गाळायचं मातीचं भांडं. वांग्याच्या आकाराची मूस आणि तिला धोतऱ्याच्या फुलासारखी पसरट तोंडाची नळी. जावरला जमिनीतून जे निघालं ते हुबेहूब तसंच आहे.

भाजलेलं खनिज आणि कोळसा यांत आणखी काही पदार्थ मिसळून गोळ्या करायच्या, त्या मातीच्या मुशीत भरायच्या. मुशीची लांबी साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर. तोंडाला मातीची नळी लिंपून घट्ट बसवायची. मग अख्खी मूस उलटी करायची, तोंड खाली. भट्टीला दोन मजले. वरच्या मजल्यावर आग आणि मुशी, खालचा मजला थंड. दोन्हींच्या मध्ये भोकांची मातीची फरशी, नळ्या त्या भोकांतून खाली उतरलेल्या. एका भट्टीत सहा गुणिले सहा अशा ३६ मुशी आणि ओळीने सात भट्ट्या, म्हणजे एका वेळी २५२ मुशी. वर खनिजातून जस्ताची वाफ सुटायची, तिला जायला खाली नळी हा एकच रस्ता. खाली थंड होऊन जस्ताचे थेंब भांड्यात पडायचे.

८. मूस उलटी केल्यावर आतला माल खाली पडत नव्हता का?

आठवीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा मला फार आनंद झाला. उत्तर आहे एक काडी. मुशीत माल भरताना नळीतून एक लाकडी काडी आत खोचून ठेवत. मूस उलटली तरी काडीमुळे माल अडून राहायचा. भट्टी तापली की काडी जळून कोळसा व्हायची, तोपर्यंत आतला माल तापून एकमेकांना चिकटलेला असायचा. काडीच्या जागी राहायचं एक भोक, आणि त्याच भोकातून वाफ खाली उतरायची. एका काडीने दोन कामं केली. सापडलेल्या मुशींच्या आत ते भोक आजही दिसतं.

वर्गात दाखवायला म्हणून मी कुंभार वेशीतल्या एका कारागिराकडून तशा मुशी करून घेतल्या. पहिल्या चार वाळतानाच तडकल्या. त्यांनी माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "सर, ही पाण्याच्या माठाची माती. आगीत उभं राहायचं तर हिच्यात भरड पाहिजे." मग जुन्या फुटक्या मडक्यांचा चुरा मिसळला आणि पुढच्या टिकल्या. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की जावरचं यश जितकं खाणकामगारांचं, तितकंच कुंभारांचं आहे. हजार अंशांच्या वर तासन् तास न फुटणारी, न गळणारी, एकसारख्या मापाची मूस रोज शेकड्याने हवी, आणि एकदा वापरली की ती फेकायची. आपण खाणीचा इतिहास राजांच्या नावाने सांगतो. माझ्या लेखी तो चाकावरच्या आणि मळलेल्या मातीच्या हातांचा आहे.

९. वापरलेल्या मुशींचं पुढे काय झालं?

त्या तिथेच पडून आहेत, टेकड्याच्या टेकड्या. जुन्या जावरमध्ये घरांच्या आणि आवारांच्या भिंतीही याच मुशींनी रचलेल्या आहेत. गोल बुडं बाहेर काढून एकावर एक थर लावलेले. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीला हात लावला की ती भुसभुशीत लागते. इथली भिंत काचेसारखी टणक लागते, कारण आगीने मुशीचा पृष्ठभाग वितळून काचपट झाला आहे. रंग राखाडी, मधेच जांभळट. मी अशा भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा बराच वेळ नुसत्या मुशी मोजत होतो.

तिथून तुकडा उचलून आणू नका. मला दरवर्षी कुणीतरी "माझ्यासाठी एक आणा" म्हणतं. मी आणत नाही.

१०. जस्त सापडण्याआधी पितळ नव्हतं का?

होतं. शुद्ध जस्त हाती नसतानाही पितळ करता येत होतं. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवले की जस्ताची वाफ तांब्यातच शिरते. पण या पद्धतीत जस्ताचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. त्याहून जास्त जस्ताचं, फिकट सोनेरी पितळ हवं असेल तर जस्त धातू वेगळा काढून तांब्यात मिसळावा लागतो. जुनं पितळी भांडं तपासताना अभ्यासक हे प्रमाण आधी बघतात, ते याचसाठी.

११. बिदरीच्या वस्तू जस्ताच्या असतात हे खरं आहे का? ते जस्त जावरचं का?

पहिला भाग खरा. बिदर आपल्याला जवळ, त्यामुळे सोलापुरात बऱ्याच घरांत एखादी बिदरी डबी किंवा फुलदाणी असते. तिचा गाभा जवळजवळ सगळा जस्ताचा, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावून वस्तू काळी करतात. चांदी मात्र पांढरीच राहते.

दुसऱ्या भागाला सरसकट हो म्हणता येणार नाही. सतराव्या-अठराव्या शतकात चीनचं जस्त जहाजांनी हिंदुस्थानच्या बंदरांत भरपूर येत होतं. त्यामुळे एखादी जुनी वस्तू दाखवून "हे जावरचं का?" असं विचारलं तर नुसत्या नजरेने मी सांगत नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

१२. महाराणा प्रताप या खाणीत राहिले होते का?

१५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईनंतर प्रतापांनी मेवाडचे डोंगर धरून लढा चालवला आणि पुढे १५८५ च्या सुमारास चावंडला राजधानी केली. जावर याच दक्षिणेकडच्या डोंगराळ पट्ट्यात येतं. खाणीच्या जुन्या पोकळ्यांत त्यांनी आश्रय घेतला असं तिथे सांगतात. मी ते स्थानिक परंपरा म्हणूनच सांगतो, इतिहास म्हणून नाही. डोंगरांचा आणि तिथल्या भिल्लांचा त्यांना आधार होता, हे मात्र नक्की.

१३. एवढी चालती खाण बंद कशी पडली?

या उत्तराने काही श्रोते नाराज होतात, तरी द्यायलाच हवं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाड खिळखिळं झालं. घरातली भांडणं होतीच. त्यावर शिंदे आणि होळकरांच्या फौजा वारंवार येत, खंडणी घेत, मुलूख उजाड होई. ही आपलीच माणसं. खाण म्हणजे हजारो हातांची साखळी असते: लाकूड तोडणारे, कोळसा पाडणारे, कुंभार, बैल हाकणारे, व्यापारी. वाटा असुरक्षित झाल्या की साखळी तुटते. त्यात १८१२-१३ चा मोठा दुष्काळ पडला आणि भट्ट्या विझल्या. दुष्काळात गाव कसं रिकामं होतं, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

बाजारात परदेशी जस्त येत होतंच (प्रश्न ११ पाहा). १८१८ मध्ये मेवाडचा इंग्रजांशी तह झाला तेव्हा जावर ओस पडलेलं होतं.

१४. युरोपने ही विद्या आपल्याकडून चोरली का?

असं ठामपणे म्हणू नका. माहीत आहे ते असं: ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं, आणि त्याची पद्धतही वाफ खाली ओढण्याचीच होती. जर्मनीत मार्गग्राफने १७४६ मध्ये जस्त वेगळं काढून दाखवलं. चॅम्पियनची भट्टी आणि जावरची भट्टी यांचं साम्य डोळ्यांत भरतं, म्हणून शंका येते. पण साम्य म्हणजे पुरावा नाही. जावर शतकानुशतकं आधीचं आहे आणि ते उत्खननाने सिद्ध झालं आहे, एवढं सांगितलं तरी अभिमानाला पुरतं. वाढवून सांगितलं तर खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

१५. हे सगळं शोधून कुणी काढलं?

१९८० च्या दशकात बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे काम केलं. त्यात बडोद्याचे के. टी. एम. हेगडे आणि ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक ही दोन नावं महत्त्वाची. मुशी जागच्या जागी असलेल्या भट्ट्या त्यांना सापडल्या, म्हणूनच वर दिलेलं ३६ आणि ७ चं गणित इतक्या खात्रीने सांगता येतं. १९८८ मध्ये एएसएम इंटरनॅशनल या अमेरिकी धातुशास्त्र संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

१६. आज खाण चालू आहे का? कुणाची आहे?

चालू आहे. १९४० च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने पुन्हा काम सुरू केलं. १९६५ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं आणि १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक स्थापन झाली. उदयपूरजवळ देबारीचा जस्त कारखाना १९६८ चा. २००२ मध्ये निर्गुंतवणूक होऊन कंपनीचं नियंत्रण खासगी हातात, आजच्या वेदांत समूहाकडे गेलं. सरकारचा काही वाटा अजून आहे.

पद्धत पूर्ण बदलली आहे. आता खनिज दळून, पाण्यात फेस करून वेगळं काढतात, भाजतात, आम्लात विरघळवतात आणि विजेने जस्ताचे पत्रे जमवतात. मुशीचं नाव नाही.

१७. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अशी खाण का नाही? खोल खणलं तर लागेल का?

विहीर खणताना काळा दगड लागतो ना, तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. त्यात जस्त-शिशाचे असे साठे तयार होत नाहीत. जावरचा दगड दीडशे कोटी वर्षांहूनही जुना, आणि तो समुद्रतळाशी साचलेल्या गाळापासून झालेला आहे. आपल्या लाव्हाखाली जुना खडक आहे, पण शेकडो मीटर खोल झाकलेला. रायचूरकडे गेलात तर लाव्हा संपतो आणि जुना खडक उघडा पडतो. तिथे हट्टीला सोन्याची खाण आहेच. विहिरीत पिवळं चमकणारं काही सापडलं म्हणून फोन येतात. आधी लोहचुंबक लावा, मग खिळ्याने ओरखडा काढून बघा, आणि मग एखाद्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

१८. बघायला जायचं असेल तर कसं जायचं?

सोलापूरहून पुणे, तिथून अहमदाबाद आणि पुढे उदयपूर. अहमदाबाद–उदयपूर रुंद मार्ग २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. उदयपूरहून गाडी करून सकाळी लवकर निघा. चालू खाणीत कंपनीच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. जावर माता मंदिर, रमाबाईचं मंदिर आणि कुंड, पडकी जैन मंदिरं आणि मुशींच्या भिंती यांत दिवस जातो. पाणी बरोबर ठेवा. जुन्या भुयारांच्या तोंडाशी जाऊ नका, आत कुठे जमीन तुटलेली असेल सांगता येत नाही. लहान मुलांना मुशींच्या ढिगावर चढू देऊ नका. तिथल्या मातीत शिसं असतं, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा.

१९. आजीची जुनी पितळी भांडी मोडीत द्यावीत का?

हा प्रश्न खाणीबद्दलच्या प्रश्नांत का, असं वाटेल, पण व्याख्यान संपल्यावर सगळ्यात जास्त हाच येतो. बायका हळूच बाजूला घेऊन विचारतात. पितळ वितळवून पुन्हा वापरता येतं, त्यामुळे मोड देणं हा काही गुन्हा नाही. मात्र जुन्या ठोकीव घागरीच्या काठावर नाव आणि साल कोरलेलं असेल, बुडाला हातोड्याच्या खुणा दिसत असतील, तर निदान एक भांडं ठेवा. आमच्या घरच्या घागरीवर पणजीचं नाव आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, आणि त्यातला एक ठिपका चुकून दोनदा पडलेला आहे. आंबट काही तिच्यात ठेवत नाही (प्रश्न २ पाहा). चिंच आणि राखेने घासतो, धुऊन लगेच कोरडी करतो.